करवंद : डोंगरची काळी मैना

विलायतेंत एकोणिसाव्या शतकांत खेड्यांतील मुलें शरद ऋतु आला कीं टोपल्या घेऊन कुंपणांच्या कडेनें हिंडत आणि काळीं, आंबटगोड 'ब्लॅकबेरी' तोडून आणीत. त्या फळांचा मुरंबा घरोघर होई, आणि एखादी वस्तु मुबलक असली म्हणजे तिला या फळाची उपमा देण्याची इंग्रजी भाषेंत जुनीच रीत होती. महाराष्ट्राच्या लोकजीवनांत हें स्थान ज्या फळाकडे आहे तें करवंद होय.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर दोहोंचें नातें जवळचें नाहीं. ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळांतील. करवंद कण्हेर, तगर व सदाफुली यांच्या कुळांतील. म्हणूनच करवंदाचा देंठ तोडतांच पांढरा चीक निघतो व तो ओंठांस चिकटतो. मात्र कण्हेर विषारी, तर पिकलेलें करवंद मधुर. कुळें निराळीं असलीं तरी स्वभाव एकच. दोन्ही कांटेरी, दोन्ही कोणीं न लावतां उगवणारीं, आणि दोन्हीं फळें गरिबाच्या मुलास पैशावांचून मिळणारीं.

प्रथम शब्दाचा विचार करूं. संस्कृतांत या झाडास करमर्द म्हणतात. अमरकोशांत त्याचें आणखी एक नांव आहे, कृष्णपाकफल. म्हणजे पिकल्यावर काळें होणारें फळ. मराठींत येतांना मधल्या 'म'चा 'व' झाला. ग्रामाचें गांव व्हावें, नामाचें नांव व्हावें, त्याच नियमानें करमर्दाचें करवंद झालें. गुजरातींत करमदां म्हणतात, तेथें 'म' टिकून राहिला. हिंदींत करौंदा म्हणतात, तेथें 'व' विरघळून 'औ' झाला. एकाच घरच्या तीन लेकी तीन सासरीं जाव्या, तसा हा प्रकार आहे. लिनीअस या स्वीडनच्या शास्त्रज्ञानें १७६७ सालीं या झाडास 'कॅरिसा करांडास' असें लॅटिन नांव दिलें. त्यांतील दुसरा शब्द कानावर पडतांच त्याचें माहेर ओळखूं येतें. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालीं निघाली व दुसरी १८५७ सालीं. डोंगरच्या या फळाला त्या कोशांत जागा मिळाली, हें कोशकारांनीं बोलत्या भाषेकडे कान दिल्याचें लक्षण होय.

फळ करवंद, झाड करवंदी. पण डोंगराकडचा मनुष्य झाड असें म्हणत नाहीं, 'करवंदीची जाळी' म्हणतो. फांद्या एकमेकींत अशा गुंततात आणि जोडीजोडीनें येणारे कांटे असे रोंखलेले असतात कीं आंत गेलेला ससा कुत्र्याच्या हातीं लागत नाहीं. थंडी सरतां सरतां जाळीवर जाईसारखीं पांढरीं, सुवासिक फुलें येतात. चैत्रांत हिरवीं फळें धरतात. त्यांचें लोणचें व चटणी होते. वैशाखांत तीं काळीं होतात. मृगाचा पाऊस पडला कीं फळांत पाणी शिरतें आणि गोडी जाते. दीड-दोन महिन्यांचा हा काय तो हंगाम.

या हंगामांत डोंगरांतील ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या बायका पहाटे जाळ्यांत शिरून, हात ओरबाडून घेऊन, पाट्या भरीत आणि पळसाच्या पानांच्या द्रोणांत फळें विकीत. त्यांची आरोळी महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाची आहे : 'डोंगरची काळी मैना!' या आरोळींत फळाचें नांवच नाहीं, तरी ऐकणारास कधीं प्रश्न पडला नाहीं. मुलांचा खेळहि ठरलेला. करवंद दांतांनीं अर्धें तोडण्यापूर्वीं विचारावयाचें, 'कोंबडा कीं कोंबडी?' गर तांबडा निघाला तर कोंबडा, फिकट निघाला तर कोंबडी. काळ्याभोर, टपोऱ्या डोळ्यांस करवंदाची उपमा मराठी माणूस सहज देतो, ती याच ओळखींतून.

शेतकऱ्यास फळापेक्षां कांट्यांचा उपयोग अधिक. तोडलेल्या फांद्या बांधावर रचल्या कीं गुरें पिकांत शिरत नाहींत. ही युक्ति इंग्रज सरकारनेंहि उचलली, पण निराळ्या हेतूनें. मिठावरील कर चुकवून कोणी मीठ आणूं नये म्हणून सरकारनें सिंधु नदीपासून महानदीपर्यंत जकातीची एक सरहद्द आंखली होती. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारें २,३०० मैल होती आणि तिच्यावर सुमारें १२,००० माणसें पहारा करीत. बऱ्याच भागांत ही सरहद्द म्हणजे जिवंत कांटेरी कुंपणच होतें. बाभूळ, बोर, निवडुंग यांबरोबर त्यांत करवंदीहि लाविली होती. हें कुंपण वाढविण्याच्या कामीं ज्यांनीं विशेष खटपट केली, ते अधिकारी ॲलन ह्यूम पुढें १८८५ सालीं राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांत गणले गेले. १८७९ सालीं ही सरहद्द मोडली. ज्या जाळीनें गरिबाचें पीक राखावें, तिलाच गरिबाच्या मिठावर राखण बसविलें होतें.

याच सुमारास फळावरहि पहारा बसला. १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारनें राखून ठेविलेल्या वनांत परवानगीवांचून गुरें चारणें किंवा वनांतील माल गोळा करणें हा गुन्हा ठरला. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत ही व्यथा मांडली आहे. ज्यांचें पोट शेतीवर भरत नसे ते पूर्वीं आसपासच्या डोंगरांतील उंबर-जांभळांसारखीं फळें खाऊन आणि पानेंफुलें व लांकूडफाटा विकून दिवस काढीत. तो आधार जंगल खात्यानें तोडला, असें त्यांचें म्हणणें. शहरांतील माणसास रानमेवा ही चैन आहे. डोंगरांतील माणसास तो उन्हाळ्यांतील अन्न व चार पैसे होता. हा हक्क कायद्यानें स्पष्ट मान्य होण्यास २००६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षींच्या वनहक्क कायद्यानें वनांत राहणारांस तेथील फळेंमुळें गोळा करण्याचा व विकण्याचा अधिकार दिला.

हक्क मिळाला, आतां जाळी उरली पाहिजे. पुणें-आळंदी रस्त्यावरील दिघी हें एके काळचें खेडें आज पिंपरी-चिंचवड शहरांत सामावलें आहे, आणि चाकणकडे कारखान्यांची रांग लागली आहे. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी ज्येष्ठ वद्यांत दिघीवरून पुण्यास जाते, तेव्हां करवंदांचा हंगाम संपत आलेला असतो. त्यापूर्वीं मावळाकडून किंवा भीमाशंकराच्या डोंगरांतून एखादी पाटी या बाजूस आली, तर घेणारानें भाव फार पाडूं नये. त्या द्रोणाची किंमत फळाची नसून पहाटेच्या चढणीची व ओरबाडलेल्या हातांची असते. आणि घरीं नेल्यावर मुलांस एवढेंच विचारावें : 'कोंबडा कीं कोंबडी?' जो शब्द मुलांच्या तोंडीं राहतो, त्याची वस्तु राखावी असें मोठ्यांस वाटण्याचा संभव अधिक.