दलाल टाळायला निघालेली जहाजं: पोर्तुगालच्या ८३ वर्षांचा हिशोब



"मधला दलाल काढला की सगळा नफा आपला." धंद्यात उतरलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हा विचार कधी ना कधी येतोच. किराणा दुकानदाराला वाटतं, थेट कंपनीकडून माल उचलावा. मसाले बनवणाऱ्या ताईंना वाटतं, मिरची थेट शेतकऱ्याकडून घ्यावी. विचार चुकीचा नाही. पण त्याला वेळ किती लागतो, पैसा किती अडकतो आणि दलाल गेल्यावर त्याची कामं कोणाच्या गळ्यात पडतात, याचा हिशोब फार कमी लोक आधी मांडतात.

हा हिशोब समजून घ्यायला इतिहासातलं एक मोठं उदाहरण आहे. शाळेत आपण एका ओळीत शिकलो की १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला. त्या एका ओळीच्या मागे ८३ वर्षांची मेहनत आहे आणि पुढे शंभर वर्षांचं नफ्या-तोट्याचं गणित आहे. व्हिडिओत सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी साखळी बघा

मलबारच्या डोंगरउतारावर मिरी पिकायची. ती कालिकतच्या बाजारात यायची. तिथून अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांची जहाजं पावसाळी वाऱ्यांचं वेळापत्रक सांभाळून ती तांबड्या समुद्राकडे न्यायची. पुढे जेद्दा, मग कैरो, मग अलेक्झांड्रिया. तिथे व्हेनिसचे व्यापारी माल उचलायचे आणि युरोपभर विकायचे. वाटेत इजिप्तचा मामलुक सुलतान जकात घ्यायचा. प्रत्येक टप्प्यावर भाव चढायचा.

एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळे लोक फुकट बसून खात नव्हते. कोणी उधारी द्यायचा, कोणी गोदाम सांभाळायचा, कोणी जहाज बुडण्याची रिस्क घ्यायचा, कोणाला वाऱ्याचा हंगाम पाठ होता. भावात जी वाढ दिसते, तिच्यात या कामांची किंमतही असते.

आता एक गैरसमज दूर करू. "१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, व्यापाराचा रस्ता बंद झाला, म्हणून युरोपियन लोक समुद्रमार्ग शोधू लागले," असं आपण घोकलेलं असतं. पण तारखा जुळवून बघा. पोर्तुगालने आफ्रिकेच्या टोकावरचं सेउटा हे बंदर जिंकलं १४१५ मध्ये, म्हणजे ३८ वर्षं आधी. आणि मिरीचा मोठा रस्ता होता इजिप्तमधून. तिथे ऑटोमन तुर्क पोचले थेट १५१७ मध्ये. व्हेनिसला माल मिळतच होता. खरी अडचण वेगळी होती: साखळी चालू होती, पण तिच्यात पोर्तुगालला जागा नव्हती. शिवाय सुरुवातीला त्यांच्या डोक्यात मिरी नव्हतीच. आफ्रिकेचं सोनं हवं होतं, मुसलमान राज्यांशी वैर होतं, आणि पूर्वेकडे कुठेतरी एक ख्रिस्ती राजा आहे अशी दंतकथा होती, त्याची मदत हवी होती. मिरीचं ध्येय पुढे हळूहळू स्पष्ट होत गेलं.

जाण्याआधी परतीचा रस्ता

राजपुत्र हेन्री आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जहाजं पाठवत राहिला. बोजादोर नावाच्या भूशिरापाशी सगळे मागे फिरायचे. अनेक प्रयत्नांनंतर १४३४ मध्ये जिल एआनेस ते ओलांडून गेला आणि सुखरूप परत आला.

अडचण फक्त भीतीची होती असं नाही. त्या किनाऱ्यावर वारा आणि प्रवाह दोन्ही दक्षिणेकडे ढकलतात. जाताना मजेत जाल, पण येताना समोरून वारा. यावर दोन उत्तरं सापडली. एक म्हणजे कॅरावेल: छोटं, हलकं, तिकोनी शिडाचं जहाज. ते वाऱ्याला तिरकं कापत पुढे सरकू शकायचं. दुसरं उत्तर जास्त हुशारीचं होतं. घरी यायचं तर किनारा धरून यायचंच नाही, उलट खोल समुद्रात दूर जायचं, तिथे पश्चिमेकडून वाहणारे वारे पकडायचे आणि मोठा वळसा घालून घरी पोचायचं. अंतर वाढतं, पण प्रवास होतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर पैसा परत येण्याचा रस्ता. माल विकणं सोपं असतं, वसुली अवघड असते. नव्या गावात, नव्या कस्टमरला माल पाठवण्याआधी पैसे कोणत्या मार्गाने आणि किती दिवसांत परत येणार, ते ठरलेलं हवं.

खर्च कोणी उचलला?

राजाची तिजोरी काही अथांग नव्हती. १४६९ मध्ये राजाने लिस्बनच्या फर्नांव गोमेस या व्यापाऱ्याशी करार केला. गोमेसला गिनीच्या किनाऱ्यावर व्यापाराचा मक्ता मिळाला. बदल्यात त्याने दरवर्षी २ लाख रेइस भरायचे आणि शिवाय पाच वर्षं दरवर्षी शंभर लीग नवा किनारा शोधायचा. म्हणजे भाडं तर द्यायचंच, वर टार्गेटही पूर्ण करायचं! १४७१ च्या सुमारास गोमेसची माणसं आजच्या घानाच्या सोन्याच्या किनाऱ्यावर पोचली. १४८२ मध्ये राजाने तिथे एल्मिनाचा किल्ला बांधला. तिथून सोनं येऊ लागलं आणि पुढच्या शोधाला पैसा मिळाला.

या मॉडेलमध्ये शिकण्यासारखं आहे: प्रत्येक टप्प्याने स्वतःचा खर्च काढला. भारत सापडेपर्यंत ते उपाशी बसले नाहीत.

पण हिशोब पूर्ण मांडायचा तर दुसरी बाजूही लिहायला हवी. या कमाईत माणसांची विक्री होती. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागोस बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या दोनशेहून अधिक स्त्री-पुरुष-मुलांची वाटणी झाली, कुटुंबं तुटली. पुढे चारशे वर्षं चाललेल्या अटलांटिक गुलामांच्या व्यापाराची ही सुरुवातीची पावलं. "धाडसी उद्योजक" म्हणून या लोकांच्या गोष्टी सांगताना हे पान फाडून टाकता येत नाही.

मार्केट सर्व्हे: एक समुद्राने, एक जमिनीने

राजा दुसरा जॉन याने १४८७ मध्ये एकाच वेळी दोन कामं लावली. बार्तोलोम्यू डायसला समुद्राने पाठवलं. सोबत फक्त रसद वाहणारं एक वेगळं जहाज दिलं. १४८८ मध्ये डायस आफ्रिकेचं दक्षिण टोक वळसा घालून पुढे गेला. रस्ता खुला आहे हे सिद्ध झालं. पण थकलेल्या खलाशांनी पुढे जायला नकार दिला आणि त्याला मागे फिरावं लागलं.

दुसरीकडे अरबी बोलणारा पेरो द कोव्हिल्या व्यापाऱ्याच्या वेशात इजिप्तमार्गे निघाला. तो कण्णूर, कालिकत आणि आपल्या गोव्यापर्यंत आला. काय पिकतं, कोण विकतं, जहाजं कधी सुटतात हे त्याने पाहिलं, मग होर्मुझ आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा पाहिला आणि कैरोहून राजाला अहवाल पाठवला. तो स्वतः मात्र कधीच घरी गेला नाही. इथिओपियात त्याला सन्मानाने ठेवलं, पण सोडलं नाही. १५२० मध्ये पोर्तुगीज शिष्टमंडळ तिथे गेलं तेव्हा तो त्यांना तिथे भेटला.

कोलंबसची गोष्ट याच काळातली. पश्चिमेकडून आशिया गाठण्याची योजना त्याने आधी पोर्तुगालला दाखवली. तिथल्या जाणकारांनी ती नाकारली आणि त्यांचं गणित बरोबर होतं. पृथ्वी गोल आहे हे सगळ्यांना माहीत होतं. वाद अंतराचा होता. कोलंबसने कॅनरी बेटांपासून जपानचं अंतर खऱ्याच्या साधारण पाव हिश्श्याएवढं धरलं होतं. मध्ये अमेरिका लागली म्हणून तो वाचला. १४९२ मध्ये स्पेनने त्याला पैसा दिला आणि करारात नफ्याचा दहावा हिस्सा कबूल केला. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कोलंबसचं गणित धरू नका. वाटेत अमेरिका प्रत्येकाला लागत नाही!

कालिकतला पोचल्यावर काय झालं?

८ जुलै १४९७. वास्को द गामा चार जहाजं आणि दीडशेहून अधिक माणसं घेऊन लिस्बनहून निघाला. अटलांटिकमध्ये मोठा वळसा घेताना त्यांना तीन महिने जमीन दिसली नाही. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीला पोचल्यावर तिथल्या राजाने हिंदी महासागर जाणणारा वाटाड्या दिला आणि साधारण चार आठवड्यांत, २० मे १४९८ ला ते कालिकतजवळ उतरले. म्हणजे शेवटचा टप्पा स्थानिक माहितीवर पार पडला. हा समुद्र आपल्याकडच्या, अरबस्तानच्या आणि आफ्रिकेच्या नाविकांना शतकानुशतकं ठाऊक होता. "शोध" लागला तो युरोपला.

मग गामाने सामुतिरी राजासाठी भेटी काढल्या: पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल, मध. राजाची माणसं हसली. अगदी साधा व्यापारीसुद्धा याहून बरं आणतो, असं त्यांनी सुनावलं. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खपणारा माल कालिकतसारख्या श्रीमंत बाजारात आणला होता. ८० वर्षं रस्त्याचा अभ्यास केला, पण कस्टमरला काय हवं याचा केला नाही. कोव्हिल्या बाजार पाहून गेला होता, तरीही!

परतीला तर वाऱ्याचा हंगामही चुकला. पावसाळी वाऱ्याची वाट न बघता ते ऑगस्टअखेर निघाले. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून पुढे समुद्र ओलांडायला त्यांना जवळजवळ तीन महिने लागले. स्कर्व्हीने माणसं मेली, हात कमी पडले म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं. १४९९ मध्ये दोन जहाजं लिस्बनला पोचली. माणसं निम्म्याहून कमी उरली होती.

दलाल गेला, खर्च आला

१५०० मध्ये काब्राल १३ जहाजं घेऊन निघाला. वाटेत वादळात चार जहाजं गेली. त्यातल्या एकावर डायस होता. कालिकतला स्थानिक व्यापाऱ्यांशी संघर्ष पेटला, पोर्तुगीज वखारीवर हल्ला झाला, काब्रालने शहरावर तोफा डागल्या आणि शेवटी मिरी भरली ती कोचीनला. १५०२ मध्ये परत आलेल्या गामाने मक्केहून येणारं यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं.

कारण सरळ आहे. बाजारात खपेल असा माल पोर्तुगीजांकडे नव्हता, तोफा होत्या. मग त्यांनी कार्ताझ सुरू केला: या समुद्रात जहाज चालवायचं तर आमचा परवाना घ्या आणि आमच्या बंदरात जकात भरा. १५१० मध्ये आल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. पण १५१३ मध्ये एडन काही हाती लागलं नाही. तांबड्या समुद्राचं दार उघडं राहिलं.

परिणाम काय? सुरुवातीची काही दशकं लिस्बनला भरपूर मिरी आली आणि व्हेनिसला फटका बसला. पण सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुन्या रस्त्याने मिरी पुन्हा वाहू लागली, व्हेनिस सावरलं. इकडे पोर्तुगालच्या राजाच्या डोक्यावर किल्ले, आरमार, पगार, बुडालेली जहाजं आणि कर्ज. मिरी विकण्यासाठी अँटवर्पमध्ये ठेवलेली वखार १५४९ मध्ये बंद करावी लागली. दलालाचा वाटा वाचला, पण दलालाची सगळी कामं अंगावर आली, आणि ती बंदुकीने करायची म्हणजे जास्तच महाग.

शेवटी गुपितही फुटलं. लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण गोव्यात आर्चबिशपच्या कार्यालयात नोकरी करून गेला. समुद्रमार्गांची आणि बाजारांची माहिती त्याने १५९६ मध्ये पुस्तकात छापली. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने हजाराहून अधिक लोकांच्या शेअर्समधून सुमारे ६४ लाख गिल्डर भांडवल उभं केलं. एका राजाच्या तिजोरीसमोर आता बाजाराचा पैसा उभा राहिला.

तुमच्या वहीसाठी पाच प्रश्न

पुढच्या वेळी "थेट सोर्सवरून माल घेऊ" असं मनात आलं, तर यांची उत्तरं लिहा.

१. माझा दलाल आज कोणकोणती कामं करतो? उधारी, साठवण, घट, वाहतूक, निवड, हमाली, प्रत्येकासमोर रुपये लिहा.

२. ती कामं मी केली तर खर्च किती? त्याच्या मार्जिनपेक्षा कमी असेल तरच पुढे जा.

३. मधल्या काळात घर कशावर चालेल? गोमेससारखा कमावणारा टप्पा कोणता?

४. समोरच्याला माझ्याकडून काय हवंय? शेतकऱ्याला रोख हवी असेल आणि तुम्ही ४५ दिवसांची उधारी मागत असाल, तर ती कालिकतच्या दरबारातली टोपीच झाली.

५. माझा फायदा फक्त एका गुपितावर उभा आहे का? असेल, तर ते फुटल्यावर काय?

बेरीज नफ्यात आली, तर बिनधास्त दलाल टाळा. तोट्यात आली, तर त्याच्याशी दर आणि उधारीची मुदत यावर घासाघीस करा. तेवढ्यानेही बराच पैसा वाचतो.

जाता जाता एक गंमत. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द आपल्या धंद्यात राहिले. 'पगार' आणि 'लिलाव' हे दोन्ही शब्द त्यांच्याच भाषेतून मराठीत आले. एक दर महिन्याला द्यावा लागतो. दुसरा टाळायचा असेल, तर वरचे पाच प्रश्न आजच सोडवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.