उमेदवारीचा खेळ



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि ग्रॅच्युइटी यांपलीकडे काही बोलायचा नाही, अशी आपली समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. आजही मी मजुरीविषयीच बोलणार आहे. मात्र ही मजुरी आहे अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंची. खेळाडूला कसली मजुरी, त्याला तर कोट्यवधी डॉलर मिळतात, असे आपण म्हणाल. मिळतात, पण ते शिडीच्या शेंड्यावर बसलेल्यांना. मला बोलायचे आहे ते खालच्या पायऱ्यांविषयी.

बेसबॉल हा क्रिकेटचा चुलतभाऊ समजा. चेंडू टप्पा न घेता येतो, बॅट गोल दांडक्यासारखी असते आणि धावायचे ते चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरून. आजच्यापुरते एवढे पुरे.

मॅसॅच्युसेट्स राज्याचा एक भूभाग कोपरात वाकवलेल्या हातासारखा अटलांटिक समुद्रात शिरला आहे. त्याला केप कॉड म्हणतात. तेथील दहा छोट्या गावांचे दहा संघ आहेत. दरवर्षी जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत, कॉलेजांना सुट्टी असते तेव्हा, देशभरातले निवडक विद्यार्थी येथे येऊन खेळतात. तिकीट नाही. लोक घरून घडीच्या खुर्च्या आणतात, आणि खेळ चालू असता टोपी फिरवून वर्गणी गोळा होते. चॅटम गावच्या मैदानावर समुद्रावरून धुके आले की खेळ थांबतो, आणि धुके जाईपर्यंत प्रेक्षक निवांत बसून राहतात. हे सर्व मला फार आवडते. पैसा मधे न येता गावाने खेळ कसा सांभाळावा, याचा हा नमुना आहे.

ही मुले राहतात कोठे? गावातल्या कुटुंबांत. आपल्याकडे पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की येथे सात घरे नसून उन्हाळाभर एकच घर असते. मुले सकाळी कोणाच्या दुकानात किंवा गवत कापायला कामाला जात आणि संध्याकाळी मैदानावर उतरत, अशी पूर्वापार चाल होती. खेळण्याबद्दल लीग मजुरी देत नाही.

मग ती येतात कशाला? कॉलेजात बेसबॉल धातूच्या बॅटने खेळतात. धातूच्या बॅटवर चेंडू जरा आडवातिडवा लागला तरी लांब जातो. धंदेवाईक बेसबॉल मात्र लाकडी बॅटचा असतो, आणि लाकूड चूक पोटात घालत नाही. केप कॉडच्या लीगने १९८५ पासून लाकडी बॅट ठेवली. त्यामुळे मोठ्या क्लबांची पारखी माणसे, ज्यांना तिकडे स्काउट म्हणतात, तेथे वह्या घेऊन बसतात. मुलगा पुढे पोट भरू शकेल की नाही, ते त्यांना येथे दिसते.

अ‍ॅरन जज हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो येथील कॉलेजातला हा मुलगा २०१२ च्या उन्हाळ्यात केप कॉडच्या ब्रूस्टर गावाकडून खेळला. २०१३ मध्ये न्यूयॉर्क यांकीज क्लबने त्याला पहिल्या फेरीत निवडले आणि सही करताना अठरा लाख डॉलर दिले. तरीही तो एकदम न्यूयॉर्कला गेला नाही. २०१४ मध्ये चार्लस्टन आणि टँपा, २०१५ मध्ये ट्रेंटन आणि स्क्रँटन, असा एकेक पायरी चढत तो ऑगस्ट २०१६ मध्ये वरच्या संघात पोहोचला. २०२२ मध्ये त्याने एका हंगामात ६२ होम रन मारले, आणि नंतर नऊ वर्षांचा छत्तीस कोटी डॉलरचा करार केला.

ही कथा खरी आहे, आणि तिनेच सगळा घोटाळा केला आहे. ती ऐकून प्रत्येक मुलाला वाटते, पुढचा मीच. आता हिशेब मांडून पाहू. वरच्या लीगचे क्लब तीस, प्रत्येकात सव्वीस जागा. म्हणजे ७८० जागा. त्यांच्याखाली प्रत्येक क्लबला आज सुमारे १६५ मुले ठेवता येतात. म्हणजे पाच हजारांच्या आसपास. एका जागेमागे सहांहून अधिक उमेदवार, आणि दर उन्हाळ्याला नवी भरती.

‘उमेदवार’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या जुन्या कचेऱ्यांत उमेदवार ठेवण्याची रीत होती. वर्ष-दोन वर्षे बिनपगारी कागद नकलून काढायचे आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. मूळ शब्द ‘उमेद’. मालकाच्या दृष्टीने उमेदीसारखे स्वस्त भांडवल नाही, कारण ती कामगार घरूनच घेऊन येतो.

अमेरिकेत या उमेदवारीला ‘मायनर लीग’ म्हणतात. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा तिच्या चार मुख्य पायऱ्या आहेत, आणि त्यांच्याही खाली नवख्यांची लीग. गावोगावच्या स्वतंत्र संघांना मोठ्या क्लबच्या दावणीला बांधण्याची युक्ती प्रथम सेंट लुईस क्लबच्या ब्रँच रिकी यांनी पहिल्या महायुद्धानंतर काढली. तिला नावही ‘फार्म’, म्हणजे शेत, असेच पडले. याच रिकींनी पुढे जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध करून वर्णभेदाची भिंत पाडली, हे सांगायला हवे. आणि रॉबिन्सननेही १९४६ चे वर्ष माँट्रियलच्या खालच्या संघात काढले.

या शेतातली मजुरी काय होती? २०२० पर्यंत सिंगल-ए च्या खेळाडूला आठवड्याला किमान २९० डॉलर मिळत. हा आकडा आला कोठून? अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे. चाळीस तासांनी गुणा. बरोबर २९० येतात. सामना, त्याआधीचा सराव, आणि रात्र-रात्र चालणारा बसचा प्रवास धरला तर चाळीस तास केव्हाच उलटून जात. त्यांचा जादा कामाचा पगार नाही. हंगामापूर्वीच्या सक्तीच्या सरावाचा पगार नाही. हिवाळ्यात शरीर कमावायचे, तेही आपल्या खर्चाने.

हे कायद्याला धरून होते, कारण कायदाच तसा करून घेतला होता. मार्च २०१८ मध्ये सरकारी खर्चाचे दोन हजारांहून अधिक पानांचे बिल मंजूर झाले. त्यात कोठेतरी एक छोटे कलम दडवले होते, की या खेळाडूंना जादा कामाचा पगार लागू नाही आणि किमान वेतन द्यायचे ते फक्त हंगामात, चाळीस तासांपुरते. कलमाचे नाव मात्र ‘अमेरिकेचा खेळ वाचवा’ अशा थाटाचे. मी शाळा नववीत सोडली, कायदा शिकलो तो लेबर कोर्टाच्या बाकावर. पण कलमाचे नाव जितके गोड तितके ते दोनदा वाचावे, एवढे तेथे शिकलो.

नोकरी सोडून दुसरीकडे जावे तर तीही सोय नव्हती. मुलाने कोणत्या क्लबकडे जायचे ते तो ठरवत नाही. क्लब आळीपाळीने मुले निवडतात. त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. सही केली की सात हंगाम तो त्या क्लबचा. क्लब त्याला उद्या सकाळी काढू शके, तो क्लबला सोडू शकत नसे. इतर कोणत्याही धंद्यात मालकांनी असे संगनमत केले तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरेल. परंतु १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की बेसबॉल हा राज्याराज्यांतला व्यापारच नव्हे. टूलसन नावाच्या मायनर लीगमधल्याच खेळाडूने त्यास आव्हान दिले. तो १९५३ मध्ये हरला. कर्ट फ्लड हा तर नामांकित खेळाडू. १९६९ मध्ये त्याला न विचारता दुसऱ्या शहरी पाठवले, तेव्हा मी विकण्याची वस्तू नाही या भूमिकेवर तो उभा राहिला. तोही १९७२ मध्ये हरला. पुढे १९९८ साली त्याच्याच नावाने कायदा झाला आणि वरच्या लीगच्या खेळाडूंना संरक्षण मिळाले. मायनर लीगला त्यातून वगळले.

आता मला आपल्या चळवळीतल्या लोकांना न आवडणारे थोडे बोलायचे आहे. वरच्या लीगच्या खेळाडूंची संघटना १९६६ पासून मार्व्हिन मिलर या पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेल्या माणसाने उभी केली. दोन वर्षांत त्याने करार केला आणि किमान पगार सहा हजारांवरून दहा हजारांवर नेला. २०२३ मध्ये तो सात लाख वीस हजार डॉलर होता. इतकी जबरदस्त संघटना! परंतु पन्नासाहून अधिक वर्षे तिने खालच्या खेळाडूंना सभासद करून घेतले नाही. उलट २०११ च्या करारात नव्या मुलांना सहीच्या वेळी मिळणाऱ्या रकमांवर मर्यादा घालण्यास तिने मान्यता दिली. कायम कामगारांनी आपला करार गोड करून घ्यावा आणि त्याची किंमत कंत्राटी पोरांच्या माथी मारावी, हे आपल्याकडच्या कारखान्यांत मी किती वेळा पाहिले आहे! तेथेही तेच.

मुलांनी स्वतःहून संघटना का केली नाही? माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. सकाळी दारावर उभे राहायचे, कोणी गैरहजर असला तर आत. पण दारावरचे सगळे बदली एकत्र उभे असत, एकत्र बिडी ओढत, एकत्र शिव्या देत. येथे शेजारी बसलेला मुलगा हाच आपला प्रतिस्पर्धी. तो वर गेला म्हणजे आपली जागा गेली. शिवाय तक्रारखोर असा शिक्का बसला तर क्लब काढून टाकणार. बहुतेकांची ही नोकरी काही वर्षांतच संपते. संघटना बांधायची कोणी आणि कोणासाठी?

सुरुवात कोर्टातून झाली. गॅरेट ब्रोशस हा सहा हंगाम मायनर लीगमध्ये चेंडू फेकून वकील झाला, आणि २०१४ मध्ये त्याने किमान वेतनाचा दावा लावला. मालकांचा बचाव असा, की हंगामापूर्वीच्या सरावात ही मुले कामगार नसून शिकाऊ आहेत. हे वाक्य मला ओळखीचे वाटले. आपल्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही हेच म्हटले आहे, की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. मार्च २०२२ मध्ये न्यायाधीशांनी तो बचाव फेटाळला आणि ही मुले वर्षभर कामगारच आहेत असे ठरवले. लगेच मालकांनी साडेअठरा कोटी डॉलर देऊन दावा मिटवला.

दरम्यान २०२० मध्ये साथीमुळे मायनर लीगचा सबंध हंगाम रद्द झाला आणि शेकडो मुले घरी गेली. त्यातून बोलणारी माणसे तयार झाली. अखेर वरच्या संघटनेला जाग आली. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस तिने सभासदत्वाची कार्डे पाठवली, आणि तीन आठवडे होण्याच्या आत मालकांनी संघटनेला मान्यता दिली. शंभर वर्षे न झालेले काम! मार्च २०२३ अखेर पहिला करार ठरला. सिंगल-ए चा वर्षाचा किमान पगार अकरा हजार डॉलरवरून २६,२०० वर गेला, ट्रिपल-ए चा साडेसतरा हजारांवरून ३५,८०० वर. एकोणीस वर्षांनंतर सही करणाऱ्याचे बंधन सात हंगामांऐवजी सहांचे झाले. राहण्याची सोय क्लबांना २०२२ पासूनच करावी लागत होती. ती आता कराराने पक्की झाली.

करारात किंमतही मोजावी लागली. प्रत्येक क्लबला १८० मुले ठेवता येत होती, ती २०२४ पासून १६५ झाली. पगार वाढला आणि जागा घटल्या. हा सौदा आपल्यालाही नवा नाही. मी त्या जागी असतो तर केला असता का? केला असता, पण रात्री झोप लागली नसती.

त्याआधीच मालकांनी आणखी एक गोष्ट केली होती. २०२१ मध्ये क्लबांशी जोडलेले खालचे संघ सुमारे १६० वरून १२० वर आणले, आणि ड्राफ्टच्या चाळीस फेऱ्यांच्या वीस केल्या. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात अ‍ॅपलाचियन लीग म्हणून नवख्यांची पगारी लीग होती. जॉन्सन सिटी, किंग्सपोर्ट, ब्लूफील्ड अशी तिची गावे. ती बंद पडली नाही. २०२१ पासून ती केप कॉडसारखी कॉलेजच्या विद्यार्थ्यांची उन्हाळी लीग झाली. मैदाने तीच आणि मुलेही त्याच वयाची. पूर्वी त्या मैदानावर थोडा का होईना पगार होता; आता तेथे खेळणारा विद्यार्थी आहे, म्हणून पगार नाही. केप कॉडला गावाने प्रेमाने जे चालवले, तेच येथे मालकांचा खर्च वाचवण्यास उपयोगी पडले. आणि विद्यार्थी कामगार नसल्यामुळे नव्या युनियनचा करार त्याला लागू होत नाही.

करार लागू नसलेले आणखीही आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात याच तीस क्लबांच्या शाळा आहेत, आणि तेथे सोळाव्या वर्षी मुलांच्या सह्या घेतल्या जातात. २०२३ चा करार अमेरिकेत खेळणाऱ्यांपुरता झाला. तो २०२७ च्या हंगामापर्यंत आहे.