तिकीट यंत्रावरची चौकट : खरी की खोटी?

घोडपदेवहून रे रोड किंवा कॉटन ग्रीन स्थानक गाठणाऱ्या प्रवाशाला तिकिटासाठी खिडकीसमोर उभे राहावेच लागते असे नाही. उपनगरी स्थानकांवर आता तिकिटाची स्वयंचलित यंत्रे असतात. पडद्यावर बोट टेकवून जायचे स्थानक निवडायचे. पूर्वी पैशांसाठी स्मार्ट कार्ड यंत्रावर ठेवावे लागे. २०२२ पासून रेल्वेने अशा यंत्रांवर क्यूआर कोडची सोय आणली. पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट उमटते, आपण फोनचा कॅमेरा तिच्यासमोर धरतो, पिन दाबतो आणि तिकीट बाहेर पडते. मागे रांग खोळंबलेली असते, गाडी फलाटाला लागत असते. समोरची चौकट खरी आहे का, हे पाहायला सवड कुणाला?

आणि सवड असली तरी पाहणार कसे? हे ठिपके माणसासाठी लिहिलेलेच नाहीत. जपानमधील डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली हा कोड तयार केला तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून. सर्वांत लहान कोडमध्ये २१ × २१, म्हणजे ४४१ घरे असतात. सर्वांत मोठ्यात १७७ × १७७. तीन कोपऱ्यांतले ठसठशीत चौकोन तुम्ही पाहिलेच असतील. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढली, तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. छापील मजकुरात हे प्रमाण क्वचितच आढळते, म्हणून हारा यांनी ते निवडले. त्यामुळे फोन तिरका वा उलटा धरला तरी कोड चटकन सापडतो.

आता एक प्रयोग करा. पाठ्यपुस्तकावरील एखादा क्यूआर कोड घ्या. कागदाचे लहान तुकडे कापून एकेक करून कोडच्या मधल्या भागावर ठेवा आणि दर वेळी फोनने वाचून पाहा. बराच भाग झाकला तरी कोड वाचला जातो! याचे श्रेय रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांना जाते. त्यांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीनुसार मूळ मजकुरासोबत काही जादा संख्या लिहून ठेवतात. काही घरे पुसली गेली, तर उरलेल्यांवरून ती परत काढता येतात. कोडच्या चार प्रतींपैकी सर्वांत टिकाऊ प्रतीत सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालते. मात्र कोपऱ्यातला चौकोन झाकलात, तर कोड बहुधा सापडणारच नाही.

येथे एक गैरसमज होतो. जो कोड स्वतःची चूक सुधारतो तो सुरक्षित असलाच पाहिजे, असे वाटते. पण ही पद्धत धूळ, ओरखडे, डाग यांच्यावरचा उपाय आहे; लबाडीवरचा नव्हे. लिहिले आहे ते बरोबर वाचले गेले, एवढीच तिची हमी. ते कोणी लिहिले, याबद्दल ती काहीच सांगत नाही. चोराने छापलेला कोडही ती तितक्याच इमानाने वाचते.

चोराचे काम म्हणूनच सोपे असते. खऱ्या कोडवर स्वतःच्या कोडचा कागद चिकटवायचा, की झाले. अमेरिकेत ऑस्टिन शहरात जानेवारी २०२२ मध्ये वाहनतळाच्या पैसे भरण्याच्या यंत्रांवर असे कागद सापडले. इंग्लंडमधील थॉर्नबी रेल्वे स्थानकाच्या वाहनतळावर २०२३ साली अशाच कोडमुळे एका वृद्ध महिलेला १३ हजार पौंडांना फसवले गेले. आपल्याकडे खजुराहोत जानेवारी २०२५ मध्ये रात्रीतून दुकानांचे व पेट्रोल पंपाचे कोड बदलले गेले. दुकानदार माल देत होते आणि पैसे भलत्याच्या खात्यात जात होते.

तिकीट यंत्राच्या बाबतीत मात्र प्रवाशाच्या हाती एक चांगली खूण आहे. यंत्राच्या पडद्यावरचा कोड दर तिकिटाला नवा तयार होतो आणि त्यात त्या तिकिटाची रक्कमही भरलेली असते. चिकटवलेल्या कागदाला हे कसे जमणार? समोरचा प्रवासी ५ रुपयांचे तिकीट काढणार की १५ रुपयांचे, हे चोराला आधी ठाऊक नसते. म्हणून त्याच्या कोडमध्ये रकमेची जागा बहुधा कोरी असते. फोनने रक्कम लिहायला सांगितली, तर तिथेच थांबावे. पडद्यावरचे चित्र बदलले तरी कोड हलला नाही, किंवा तो यंत्राच्या कडेला चिकटवलेला असला, तरीही तेच. पैसे गेले आणि तिकीट आले नाही, तर ‘यंत्र बिघडले’ म्हणून तोच कोड पुन्हा वाचू नये. पैसे पोहोचल्याचा निरोप यंत्राला रेल्वेच्या व्यवस्थेकडून मिळतो. चोराच्या खात्यात पैसे गेले, तर तो निरोप येणारच नाही.

नावाचे काय? कोडमध्ये घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता असतो, तसे नावही असते. पण हे नाव कोड बनवणारा हवे ते लिहू शकतो! म्हणून ३० जून २०२५ पर्यंत सर्व ॲपनी कोडमधले नाव न दाखवता बँकेत नोंदलेलेच नाव दाखवावे, असा निर्देश राष्ट्रीय देयक महामंडळाने दिला. पिन दाबण्यापूर्वी दिसणारे ते नाव वाचायला दोन सेकंद पुरतात. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

यापुढचा उपाय म्हणजे अंकीय सही. आधारवरील सुरक्षित कोडमध्ये ती असते. मजकुरावरून गणिताने एक मोठी संख्या काढतात. ती फक्त गुप्त किल्ली असणाऱ्यालाच काढता येते, पण तपासता कुणालाही येते. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. यूपीआयच्या तांत्रिक नियमांतही सहीला जागा ठेवलेली आहे. तरी चोराने स्वतःच्याच खात्याचा रीतसर कोड आणून चिकटवला, तर त्याची सहीही खरीच निघेल. कोड कुणाचा, एवढेच सही सांगते. तो त्या यंत्रावर असायला हवा का, हे ती सांगत नाही.

गंमत म्हणजे मुंबईत उलटी लबाडीही झाली. स्थानकावर आल्यावर फोनने तिकीट काढता यावे म्हणून रेल्वेने भिंतींवर छापील कोड लावले होते. काही प्रवाशांनी त्यांचे फोटो काढून ठेवले आणि गाडीत तपासनीस दिसताच फोटो वाचून तिकीट काढू लागले. कोड खरा, वापरणारा खोटा! अखेर २०२५ साली ही छापील कोडची सोय बंद करण्यात आली. न बदलणाऱ्या कोडचा दोष दोन्हीकडे एकच : आपण कुठे आहोत आणि वेळ कोणती, हे त्याला कळत नाही.

कुणी फसलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी बँकेला निरोप मिळाला, तर ते अडवून धरता येतात. येथे तासांपेक्षा मिनिटांना महत्त्व आहे. आणि कोडवर चिकटवलेला कागद दिसला, तर तो स्वतः ओरबाडू नये. आधी स्थानक व्यवस्थापकाला दाखवावा, कारण पोलिसांच्या दृष्टीने तो पुरावा असतो.