लांडग्याच्या खुणा काचपट्टीवर

गालांवर आणि नाकावर लाली येते, उन्हात गेले की भडकते. शेजारीण म्हणते, वांग आहे. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब येते. पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटते. पण कधी कधी या लालीमागे ल्यूपस दडलेला असतो. लॅटिनमध्ये ल्यूपस म्हणजे लांडगा. 'ल्यूपस एरिथेमॅटोसस' हे नाव पॅरिसच्या काझनाव्ह यांनी १८५१ मध्ये रूढ केले. शरीरभर पसरणाऱ्या प्रकाराचे दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया, त्याही बहुधा तरुण.

खात्री करायची तर त्वचेचा तुरीच्या डाळीएवढा तुकडा काढावा लागतो. चेहऱ्यावर व्रण राहील म्हणून मुलगी कचरते, तिची आई अधिकच. भीती समजण्यासारखी आहे. परंतु चकत्यांचा 'डिस्कॉइड' प्रकार दुर्लक्षिला, तर त्याचेच व्रण कायमचे राहतात. त्यापुढे एका टाक्याची खूण ती काय!

रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की नजर बाह्यत्वचेच्या तळाशी जाते. नव्या पेशी जन्मतात त्या या थरात निरोगीपणी पेशी ओळीने उभ्या असतात. इथे त्यांच्यात पोकळ्या पडलेल्या दिसतात, काही मरून गुलाबी गोळे झालेल्या असतात. खाली लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी. ती केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींभोवतीही जमते, म्हणून तर डोक्यावरच्या चकतीत गेलेले केस पुन्हा उगवत नाहीत. अंतस्त्वचेच्या तंतूंमध्ये म्युसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ साचतो. शत्रू बाहेरचा नव्हे. शरीराचीच संरक्षक फौज घरच्यांवर उलटलेली असते. उन्हाने पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातला माल उघडा पडतो आणि फौजेला निमित्त मिळते.

दुसऱ्या एका तपासणीत चमकणारा रंग जोडलेली द्रव्ये कापावर सोडतात. दोन्ही त्वचांच्या सीमेवर प्रतिद्रव्ये साचली असतील, तर तिथे हिरवा पट्टा उजळतो. रोग शरीरभर असेल तर वरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही हा पट्टा सापडू शकतो! मात्र हा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की तपासणी बिघडते, म्हणून वेगळा पाठवतात.

तरीही काचपट्टी एकटी निवाडा देत नाही. डर्मॅटोमायोसायटिस या स्नायूंच्या विकारातही त्वचेचे चित्र जवळजवळ असेच असते. म्हणून सांधेदुखीची चौकशी, रक्तातली प्रतिद्रव्ये आणि मूत्रपिंडासाठी लघवीची तपासणी हवीच. आणि ती दुकानातली ट्यूब लावली असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. स्टेरॉइडच्या मलमाने काचपट्टीवरच्या खुणाही पुसट होतात.