हनिमून आहे हो, बघा ना जरा!

लग्न कऱ्हाडला, रिसेप्शन साताऱ्यात आणि हनिमून थेट बालीला! पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या सातारा-सांगलीच्या मंडळींचा हा हल्लीचा प्रोग्रॅम. तिकिटं काढली की ऑफिसातले अनुभवी मित्र सल्ले द्यायला तयारच असतात. ‘काउंटरवर फक्त सांग, नुकतंच लग्न झालंय. मेंदी दाखव, चुडा दाखव. बिझनेस क्लास फिक्स!’

सॉरी दोस्तहो! चुडा बघून गोड शुभेच्छा मिळतील, नशिबात असेल तर केकही मिळेल. रुंद सीट मिळण्याचा चान्स मात्र अगदीच कमी. कारण ती सीट मूड बघून वाटली जात नाही.

सीट नेमकी कोणाला मिळते?

काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत, हे एअरलाइन्सना माहीत असतं. म्हणून इकॉनॉमीची थोडी जास्तच तिकिटं विकली जातात. सगळेच हजर झाले आणि पुढे बिझनेस क्लासमध्ये जागा असेल, तर काही जणांना पुढे सरकवलं जातं. हाच तो ‘फुकट’ अपग्रेड. पण त्यातही आधी नंबर लागतो तो एअरलाइनच्या गोल्ड-प्लॅटिनम मेंबरांचा. मग कोणी किती महाग तिकीट काढलंय ते बघितलं जातं. त्यातून तुम्ही दोघं, म्हणजे दोन सीट हव्यात. एकट्या प्रवाशाला पुढे बसवणं केव्हाही सोपं.

आणि मुळात विमानात वरचा क्लास हवा ना? इंडिगोच्या बहुतेक विमानांत एकच क्लास आहे. नोव्हेंबर २०२४ पासून काही ठरावीक मार्गांवर त्यांनी ‘स्ट्रेच’ सीट आणल्या, तेवढंच. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, त्यामुळे तिच्या नावाने फिरणाऱ्या जुन्या टिप्स आता विसरा.

सातारा आणि सांगली दोन्हीकडे नेहमीची प्रवासी विमानसेवा नाही. सातारकरांना पुणे जवळ, सांगलीकरांना कोल्हापूरचं उजळाईवाडी. आपल्याच भागातल्या घोडावत ग्रुपच्या स्टार एअरकडे ७६ सीटची विमानं आहेत, त्यात १२ सीट बिझनेस क्लासच्या. त्यांच्या ५० सीटच्या विमानात मात्र एकच क्लास. तेव्हा बुकिंग करताना विमान कोणतं आहे ते बघून घ्या. अर्थात, तासाभराच्या प्रवासासाठी जास्तीचे पैसे घालायचे का, हा विचार करूनच!

मग करायचं काय?

पॉइंट्स जमवा : मेंबरशिप बहुधा फुकट असते. ऑफिसच्या कामासाठी उडता तेव्हा तिकिटाचे पैसे कंपनी भरते, पण पॉइंट्स सहसा तुमच्या नावावर जमा होतात. दरवेळी मेंबरशिप नंबर टाकायला विसरू नका. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच हवं. एक लक्षात ठेवा, सगळ्यात स्वस्त तिकिटावर पॉइंट्स वापरून अपग्रेड बऱ्याचदा चालत नाही.

बोली लावा : एअर इंडिया, लुफ्तान्सा अशा काही कंपन्या तिकीट काढल्यावर अपग्रेडसाठी बोली लावू देतात. बोली मान्य झाली तरच पैसे कापले जातात. रक्कम माणशी असते, म्हणजे जोडीला दुप्पट! आधी बिझनेस क्लासच्या तिकिटाचा सरळ भाव बघा, मगच आकडा टाका.

काउंटरवर भाव विचारा : ‘फुकट मिळेल का?’ असं नको. ‘आज पैसे भरून अपग्रेड आहे का, कितीला?’ असं विचारा. जागा रिकाम्या असतील तर कधीकधी बरा भाव मिळतो.

एकाच पीएनआरवर बुक करा : नाहीतर नवरा पुढे, बायको मागे. संसाराची सुरुवात भांडणाने!

हक्क माहीत असू द्या : तुम्ही पैसे मोजून वरचा क्लास घेतलात आणि एअरलाइनने तुम्हाला खालच्या क्लासमध्ये बसवलं, तर डीजीसीएच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे देशांतर्गत विमानात तिकिटाच्या करासकट ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के. त्यामुळे बोर्डिंग पास नीट जपून ठेवा.

खास प्रसंग नक्की कोणाचा?

आता थोडं सीरियसली. मुंबई-बँकॉक जेमतेम साडेचार तास. तिशीच्या आत दोघांनी खांद्याला खांदा लावून बसायला काय हरकत आहे? हनिमूनच तर आहे!

पण अमेरिकेतल्या लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई आठवा. पासष्टी जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे, परदेशी पहिल्यांदाच चाललेली. आधी सांगली ते मुंबई रात्रभर गाडीत. मग विमानतळावरच्या लांबच लांब रांगा. त्यानंतर थेट विमान असलं तरी पंधरा-सोळा तास एकाच खुर्चीत! तिथे पाय पसरून झोपायला मिळणं ही चैन नाही. बाळंतिणीची सेवा करायला निघालेली बाई उतरताना निदान उभी राहू शकली पाहिजे.

म्हणून ऑफिसच्या टूरवर जमवलेले पॉइंट्स तिथे वापरा. बऱ्याच एअरलाइन्स घरच्यांसाठी ते वापरू देतात, पण त्यासाठी आधी नोंदणी करावी लागू शकते, नियम वाचून घ्या. दोघांपुरते पॉइंट्स नसतील तर दोन टप्प्यांतला लांबचा टप्पा तेवढा अपग्रेड होतो का, ते विचारा. आई चालताना दमत असेल तर व्हीलचेअरची नोंद बुकिंग करतानाच करा. आणि आई ‘कशाला एवढा खर्च?’ म्हणणारच. तेव्हा ‘ऑफिसच्या पॉइंट्सवर मिळालंय’ एवढंच सांगा. ते खोटंही नाही!

तुमच्या हनिमूनसाठी? वेब चेक-इन उघडताच शेजारशेजारच्या दोन सीट पकडा, बुकिंग करताना हनिमून असल्याचं कळवून ठेवा आणि कंदी पेढ्यांचा एक बॉक्स हातातल्या बॅगेत ठेवा. क्रूला बिनधास्त पेढे द्या, पण सीटच्या आशेने नको. लग्न झालंय म्हणून!