थांबलेला खेळ पुन्हा सुरू करताना



गेल्या महिन्यात अश्दोदहून एका बाईंचा फोन आला. वय अठ्ठ्याहत्तर. न्युमोनिया होऊन बारा दिवस इस्पितळात होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, घरी येऊन तीन आठवडे झाले. मुली मला खुर्चीतून उठू देत नाहीत, पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात. मी पुन्हा चालायला केव्हा लागू?" त्यांना उत्तर देताना मला एकदम फुटबॉलची आठवण झाली. हसू नका. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. आमच्या घरात ते खातं आमच्या ह्यांच्याकडे आहे. मुंबईत असताना कूपरेज मैदानावरचा सामना चुकवायचे नाहीत, आणि इथे बेर शेवाला आल्यापासून हापोएल बेर शेवाचे भक्त. पण २०२० साली मी त्या खेळाकडे नर्सच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक मला दिसली. ती आज सांगते.

ते दिवस तुम्हाला आठवत असतीलच. मार्चमध्ये सेगेर लागला, घरापासून शंभर मीटरच्या पलीकडे जायचं नाही. पेसाहचा सेदेर आम्ही दोघांनीच केला, नातवंडं फोनच्या पडद्यावर. ह्यांना मधुमेह, त्यात फुप्फुसं जुन्या दम्याने कमजोर. ह्यांना लागण झाली तर काय होईल, ते मी चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, मला कुणी सांगायला नको होतं. मी दाराला आतून कडी घातली म्हणा ना. भाजी आली की धुवायची, दाराची मूठ पुसायची, ह्यांना बाल्कनीच्या पलीकडे पाऊल टाकू द्यायचं नाही.

फुटबॉलही तेव्हा जगभर बंद पडला होता, आणि तो बंद करणं योग्यच होतं. १९ फेब्रुवारीला मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर इटलीतल्या बेर्गामो शहराचा संघ अटलांटा आणि स्पेनचा व्हॅलेन्सिया यांचा सामना झाला होता. चाळीस हजारांहून जास्त माणसं जमली, गोल झाला की एकमेकांच्या गळ्यात पडली. पुढच्या काही आठवड्यांत बेर्गामोमध्ये जे घडलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तिथल्या नगराध्यक्षांनी आणि डॉक्टरांनीही त्या सामन्याकडे बोट दाखवलं. तेव्हा बंद करण्याबद्दल वाद नव्हता. खरा प्रश्न पुढे आला. बंद केलेलं पुन्हा उघडायचं कसं?

हॉलंडने एप्रिलमध्ये हंगामच सोडून दिला, विजेता कोणी नाही म्हणून जाहीर केलं. फ्रान्सनेही उरलेले सामने रद्द केले. जर्मनीने मात्र तब्येतीने घेतलं. त्यांच्या राष्ट्रीय संघाचे डॉक्टर टिम मायर यांच्या देखरेखीखाली एक योजना तयार झाली. एप्रिलच्या सुरुवातीला खेळाडू लहान लहान गटांत सराव करायला लागले, एकमेकांना न शिवता. ६ मेला सरकारने परवानगी दिल्यावर पूर्ण संघाचा सराव. सामन्याआधी आठवडाभर सगळा संघ एका हॉटेलात, बाहेरच्यांशी संबंध नाही. पुन्हा पुन्हा तपासणी. मग १६ मेला सामने सुरू झाले, प्रेक्षकांविना, राखीव खेळाडू मास्क लावून अंतराअंतरावर बसलेले.

तो शब्बाथ होता. रात्री शब्बाथ निघाल्यावर नातवाने फोनवर सामन्याचे तुकडे पाठवले, आणि हे उठून बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा चेहऱ्यावर रंग आला. डॉर्टमुंडने शाल्केला चार-शून्याने हरवलं. पहिला गोल हालंड नावाच्या उंच पोराने केला आणि तो एकटाच कोपऱ्यात जाऊन नाचला, बाकीचे अंतर राखून उभे. ह्यांना ते बघून हसू आवरेना.

मला मात्र दुसरीच गोष्ट लागून राहिली. डॉर्टमुंडचा एक सतरा वर्षांचा मुलगा, जोव्हानी रेना, त्या दिवशी सुरुवातीपासून खेळणार होता. सामन्याआधी अंग गरम करतानाच त्याचा स्नायू दुखावला आणि तो बाहेर बसला. सतरा वर्षांचा! रोज व्यायाम करणारा, भोवती डॉक्टर आणि मालिशवाले. खेळाच्या नियम करणाऱ्यांनीही हे ओळखलं होतं. तीनऐवजी पाच खेळाडू बदलायची मुभा त्याच महिन्यात दिली गेली, कारण खंडानंतर शरीर पूर्वीचं राहत नाही.

हे मी वाचलं, मान डोलावली, आणि माझ्याच घरात काय चाललंय ते मला दिसलं नाही.

मेच्या सुरुवातीला घरापासूनच्या अंतराची मर्यादा उठली होती. शेजारपाजारची म्हातारी माणसं संध्याकाळी खाली उतरायला लागली. मी ह्यांना सोडलं नाही. "अजून आठ दिवस थांबा," असं करत तीन आठवडे गेले. हे दिवसभर खुर्चीत. महिन्याच्या शेवटी मी स्वयंपाकघरात असताना हे गुपचूप चपला घालून खाली गेले. सवंगड्यांचा बाक आमच्या इमारतीपासून लांब नाही, पूर्वी दिवसातून दोनदा जायचे. गेले, बसले, गप्पा मारल्या. परत येताना दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यातली ताकदच गेली आणि डाव्या हातावर पडले. मनगटाचं हाड मोडलं. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. शेजारच्या मुलाने वर आणलं. मी इतकी घाबरले की ज्या हातांनी हजार पट्ट्या बांधल्या त्यांना साधी झोळी बांधता येईना.

विषाणूला घाबरून मी ह्यांचे पाय विसरले होते. निरोगी वृद्ध माणसांना दहा दिवस पलंगावर झोपवून केलेला एक अभ्यास आहे. त्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. दहाच दिवसांत! तरुणाचं मांस लवकर परत येतं, आपलं महिनोन् महिने घेतं. मी हे पुस्तकात शिकले होते, वॉर्डात नव्या मुलींना शिकवलं होतं. आणि घरी अडीच महिने माणूस खुर्चीत बसवून ठेवला. ते नेहमी म्हणतात तू माझं आयुष्य वाचवलंस. वाचवलंही असेल. पण मनगट मोडलं त्यातही माझा हात होता.

प्लास्टर घातलेल्या हाताने हे घरी आल्यावर मी जर्मन लोकांची योजना घरात आणली. फिजिओथेरपिस्ट फोनवर होती, तिने दिशा दिली. पहिला आठवडा फक्त खुर्ची. भिंतीला टेकलेली, न सरकणारी. तिच्यातून हाताचा आधार न घेता उठायचं, उभं राहायचं, हळूच बसायचं. पाच वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी ह्यांना दोनदाच जमलं आणि तिसऱ्यांदा धपकन बसले. मग दोनच. हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालणं, तेही बोलत बोलत. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटला की वेग कमी. मग एक मजला खाली, कठडा धरून, आणि मधल्या जागेवर थांबून श्वास. तीन दिवस ठीक गेले की थोडं वाढवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग जास्तच मोडून आलं तर एक पायरी मागे. ह्यांना मागे जाणं आवडायचं नाही. "मी काय लहान मूल आहे?" मी म्हणायचे, अहो, जर्मनीचे लोक मागे जातात, तुम्ही कोण लागून गेलात?

आणि जातही होते. ड्रेस्डेनच्या संघात दोघांना लागण सापडली तेव्हा सगळा संघ चौदा दिवस बिदूदमध्ये बसला, बाकीचे खेळत होते तरी. पुढे त्यांना दाटीवाटीने सामने खेळावे लागले आणि हंगामाच्या शेवटी संघ खालच्या श्रेणीत घसरला. आउग्सबुर्गचे प्रशिक्षक हाइको हेर्लिख यांचा किस्सा तर मी अजून सांगते. नवीनच लागलेले, पहिलाच सामना होता. हॉटेलातल्या बिदूदमधून टूथपेस्ट आणि चेहऱ्याची क्रीम आणायला दुकानात गेले आणि पत्रकारांसमोर स्वतःच भोळेपणाने सांगून बसले. झालं, सामन्याला बसायचं नाही. संघ त्यांच्याशिवाय खेळला आणि हरला. चपला घालून गुपचूप खाली जाणारे पुरुष सगळीकडे सारखेच.

इंग्लंडमधल्या एका खेळाडूने मात्र माझ्या मनातलं बोललं. वॉटफर्डचा कप्तान ट्रॉय डीनी. तिथे मे महिन्यात सराव सुरू करायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, मी येणार नाही, माझ्या पाच महिन्यांच्या मुलाला श्वासाचा त्रास आहे. पहिल्या फेरीत ७४८ लोकांची तपासणी झाली आणि सहाजण लागण झालेले सापडले. कमी वाटतात. पण ते सहाजण संध्याकाळी कुणाच्या घरी जातात, घरात कोण आहे, हे डीनीने विचारलं. आपल्या घरांतही हाच प्रश्न आहे. नातू खोकत असला तर आजीच्या मांडीवर बसू नये हे त्याला प्रेमाने सांगता येतं. कामाला येणाऱ्या बाईलाही बरं नसेल तर तिचा दिवसाचा पगार कापू नका, म्हणजे ती ताप लपवून येणार नाही.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकली आणि अजून खटकते. त्या खेळाडूंची आठवड्यातून कितीदा तरी तपासणी व्हायची. त्याच दिवसांत वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या मुली एका तपासणीसाठी दिवसेंदिवस थांबायच्या. खेळ सुरू होऊ नये असं मी म्हणत नाही, घरातल्या माणसाला त्याने उठवून बसवलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण रांगेत पुढे कोण असावं, हे मला विचारलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

रिकाम्या स्टेडियमचंही एक आहे. जर्मनीत त्या पहिल्या फेरीत नऊ सामने झाले आणि घरच्या मैदानावर फक्त एकच संघ जिंकला, तो डॉर्टमुंड. ओरडणारी माणसं नसली की घरचं मैदानही परकं होतं. घरात एकट्याने खुर्चीतून उठबस करणाऱ्या माणसाचंही तसंच. म्हणून मी ह्यांच्या मित्राला रोज सकाळी दहाला फोन करायला लावला. दोघे फोन स्पीकरवर ठेवून एकत्र मोजायचे. हिब्रूत सुरुवात, सातनंतर मराठीत.

अश्दोदच्या बाईंना मी सांगितलं ते थोडक्यात असं. आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः हृदयाबद्दल. लागण झालेल्या फुटबॉलपटूंनाही खेळण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी लागे, आपण तर वयस्क. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड थांबेना किंवा एकच पाय सुजला तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवायचं, आणि छातीतलं दुखणं असेल तर सरळ १०१ ला फोन. पलंगावरून एकदम उठू नका, कडेला मिनिटभर बसून मगच. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेत असाल तर रिकाम्या पोटी चालायला जाऊ नका, खिशात गोड काहीतरी ठेवा. डाळ, अंडं, मासळी रोजच्या जेवणात हवी, नुसत्या चहा-बिस्किटावर पायात मांस भरत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती ते डॉक्टर सांगतील. आणि मुलींना सांगा, पाण्याचा पेला स्वयंपाकघरातच ठेवा, मी आणायला येते.

आमच्या इथे लीग मेअखेर सुरू झाली आणि जुलैत हापोएल बेर शेवाने चषक जिंकला. स्टेडियममध्ये कुणालाच जाता आलं नाही. ह्यांचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. संध्याकाळी आम्ही दोघं खाली उतरलो, त्यांचा मित्र दुसऱ्या बाकावर मास्क लावून, मध्ये ट्रान्झिस्टर. सामना संपल्यावर हे स्वतःच्या पायांनी वर चढले, मी दोन पायऱ्या मागे. प्रत्येक मजल्यावर थांबले, एकदाही मी सांगितलं नव्हतं.

काल पुन्हा अश्दोदहून फोन आला होता. खुर्चीतून आठ वेळा उठतात म्हणाल्या. धाकटी मुलगी अजून रागावलेली आहे.