पाऊल चुकले की सांगणारा पट्टा

पक्षाघातातून उठलेल्या माणसाचा पाय पुष्कळदा घोट्यात लुळा राहतो. पाऊल उचलताना चवडा लोंबतो, जमिनीला घासतो आणि माणूस ठेचकाळून पडतो. डॉक्टर याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. लोहगडवाडीच्या माझ्या मावशीचे हेच झाले. रुग्णालयात शेजारी उभे राहून "टाच आधी टेका" असे सांगायला फिजिओथेरपिस्ट होते. घरी सांगणार कोण? मी इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस. पट्टा बनवायला घेतला.

निरोगी माणसाची प्रथम टाच टेकते, मग चवडा. चालताना प्रत्येक पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. मी चपलेत टाचेखाली व चवड्याखाली दाब ओळखणाऱ्या पातळ चकत्या बसवल्या. चवडा आधी टेकला, की घोट्यावरची छोटी मोटर थरथरे.

पुण्यात फरशीवर सारे चोख चालले. वाडीत मात्र माझ्या चुका उघड्या पडल्या. मावशी घरात चप्पल घालतच नाही. लुळ्या पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे तिथली थरथर तिला कळेना. शिवाय चढावर चवडा आधी टेकणे स्वाभाविक असते. तिथेही पट्टा उगाच तक्रार करी.

मग चकत्या काढल्या. पावलाचा कोन मोजणारी चिप अनवाणी पायावर इलॅस्टिकने बांधली, इशारा चांगल्या हाताच्या मनगटावर दिला आणि सराव पडवीतल्या सपाटीवरच ठेवला. तरी आठवड्याने पट्टा फळीवर! मावशी म्हणाली, "अरे, सासूसुद्धा इतकं टोकत नव्हती."

वेल्लोरला कुष्ठरुग्णांसाठी झटलेले डॉ. पॉल ब्रँड यांनाही पुढे अमेरिकेत हाच अनुभव आला होता. बधिर हातापायांवर दाब वाढला की इशारा देणारी साधने त्यांनी केली. रुग्ण ती सरळ बंद करीत.

प्रत्येक पावलाला इशारा दिला तर माणूस त्यावरच विसंबतो, हेही खरे. म्हणून आता पट्टा मधूनमधूनच बोलतो, आणि किती पावले नीट पडली ते शेवटी सांगतो. मावशी आता तो आपणहून मागते.

वाचकहो, असा पट्टा हा उपचार नव्हे. पाय घासत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. घोट्याला आधार देणारा साधा ब्रेसही पुष्कळांना पुरतो. व्यायाम मात्र चुकवू नये.